कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर आणि वेळ कागद-पेन्सिलने कशी काढायची

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर किती, असं मोबाइलवर विचारलं की एकच उत्तर मिळत नाही. कुठे सातशेच्या आसपासचा आकडा, कुठे त्याहून सात-आठ किलोमीटर जास्त, तर कुठे सरळ रस्त्याचं आठशेच्या पुढचं अंतर ‘एअर डिस्टन्स’ म्हणून चिकटवलेलं. वेळेचं तर विचारूच नका. एकीकडे पन्नास मिनिटं, दुसरीकडे तासावर पाच मिनिटं, आणि तिकिटाच्या पानावर जवळजवळ दीड तास. यातले बरेच आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी असते, एवढंच.

हा हिशेब शाळेतल्या भूमितीपलीकडे जात नाही. एकदा हातात बसला की तो नाशिक–गोंदिया, जळगाव–सिंधुदुर्ग, नांदेड–बेळगाव अशा कुठल्याही जोडीला चालतो. मी कोल्हापूर–नागपूर निवडलं, कारण महाराष्ट्राच्या नकाशावर ही दोन टोकं आहेत, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की आमच्याकडच्या निम्म्या गावाला अचानक नागपूरला काम निघतं.

आधी दोन टिंबं नक्की करा

पहिली गफलत इथेच होते. ‘कोल्हापूर’ म्हणजे नेमकं कुठलं टिंब? अंबाबाईचं देऊळ, रेल्वे स्टेशन, की उजळाईवाडीचा विमानतळ? बऱ्याच संकेतस्थळांचं गणित शहराच्या मध्यावरून चालतं. कोल्हापूर शहर साधारण १६°४२′ उत्तर, ७४°१४′ पूर्व इथे आहे, आणि नागपूर शहर २१°०९′ उत्तर, ७९°०५′ पूर्व. विमानतळ मात्र थोडे बाजूला आहेत:

कोल्हापूर, उजळाईवाडी: १६°४०′ उत्तर, ७४°१७′ पूर्व
नागपूर, सोनेगाव: २१°०६′ उत्तर, ७९°०३′ पूर्व

कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला आणि नागपूरचा शहराच्या नैर्ऋत्येला असल्यामुळे शहर ते शहर अंतर सुमारे ७१० किलोमीटर निघतं, आणि विमानतळ ते विमानतळ त्याहून सात कमी. हा फरक नगण्य वाटेल, पण दोन वेबसाइटचे आकडे जुळत नाहीत तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. नागपूरकरांचा लाडका झिरो माइलचा दगडही इथे उपयोगाचा नाही.

अक्षांश-रेखांश कुठून घ्यायचे? भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रत्येक विमानतळाची अधिकृत माहिती एआयपी नावाच्या प्रकाशनात देतं. त्यात ‘एआरपी’ म्हणून एक संदर्भबिंदू दिलेला असतो, बहुतेक वेळा धावपट्टीच्या मध्याजवळचा. तिथवर जायचा कंटाळा असेल तर उपग्रह नकाशा उघडा, धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरा, आकडे समोर येतात. कमानीवर किंवा पार्किंगवर बोट ठेवलंत तरी फार बिघडत नाही.

नाव टाकून शोधत असाल तर तीन अक्षरी कोड एकदा तपासा. कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी, नाशिक आयएसके, शिर्डी एसएजी. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दाबोळी म्हणजे जीओआय, आणि ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं मोपा म्हणजे जीओएक्स. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ आणि दाबोळी लांब. नुसतं ‘गोवा’ लिहून अंतर काढलंत तर कॅल्क्युलेटर कुठलं धरेल याचा भरवसा नाही. मुंबईलाही नवी मुंबईमुळे आता तीच काळजी घ्यावी लागते.

अंश, मिनिटं आणि एक हमखास चूक

१६°४०′ याचा अर्थ १६.४० नव्हे. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून ४०′ म्हणजे ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. दशांशात कोल्हापूर १६.६७ होतं. कॅल्क्युलेटरमध्ये १६.४० टाकलंत की कोल्हापूर दक्षिणेला तीस किलोमीटर सरकलं, म्हणजे जवळपास निपाणीच्या शिवेपर्यंत. सीमाप्रश्न आधीच पुरेसा गुंतागुंतीचा आहे.

सेकंदांच्या मागे लागू नका. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर १.८५ किलोमीटर. नागपूरची धावपट्टीच तीन किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे मिनिटापर्यंतची अचूकता आपल्या कामाला भरपूर झाली. एखाद्या साइटवर ‘७०२.१३ किमी’ असं दोन दशांशांपर्यंत छापलेलं दिसलं, तर तो आकडा जितका अचूक दिसतो तितका नसतो.

प्रत्यक्ष गणित

हे १.८५ किलोमीटर म्हणजेच नॉटिकल मैल, नेमकं सांगायचं तर १.८५२ किलोमीटर. दर्यावर्दी आणि वैमानिक हेच माप वापरतात, कारण नकाशावरची मिनिटं मोजली की अंतर आपोआप हातात येतं. आपणही तेच करू.

उत्तर-दक्षिण फरक: २१°०६′ वजा १६°४०′ म्हणजे ४°२६′. मिनिटांत ४ × ६० + २६ = २६६. झाले २६६ नॉटिकल मैल, बाकी काही करायला नको.

पूर्व-पश्चिम फरक: ७९°०३′ वजा ७४°१७′ म्हणजे ४°४६′, म्हणजे २८६ मिनिटं. हे मात्र थेट मैल धरता येत नाहीत. रेखांशाच्या रेषा विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून आपल्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट थोडं आखूड पडतं. किती आखूड, ते अक्षांशाचा कोसाइन सांगतो. दोन्ही विमानतळांचा मधला अक्षांश १८°५३′, म्हणजे जवळपास १९. त्याचा कोसाइन ०.९४६. म्हणून २८६ × ०.९४६ = साधारण २७०.६ नॉटिकल मैल.

आता काटकोन त्रिकोण. एक बाजू २६६, दुसरी २७०.६, आपल्याला कर्ण हवा. वर्गांची बेरीज १,४३,९८० च्या आसपास येते आणि तिचं वर्गमूळ ३७९.४. नॉटिकल मैलांचे किलोमीटर करायला १.८५२ ने गुणा: ७०३ किलोमीटर.

कोसाइनचं बटण नसलेला कॅल्क्युलेटर असेल तर हे आकडे वहीत लिहून ठेवा: १६ अंशांना ०.९६१, १७ ला ०.९५६, १८ ला ०.९५१, १९ ला ०.९४६, २० ला ०.९४०, २१ ला ०.९३४. सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंतचा सगळा महाराष्ट्र यात जवळपास बसतो.

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोण कसा चालेल, हा प्रश्न रास्त आहे. गोलावरचं अंतर काढायला हॅव्हरसाइन नावाचं सूत्र आहे, बहुतेक संकेतस्थळं तेच वापरतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून त्या सूत्रात हेच आकडे घातले की उत्तर येतं ७०३. म्हणजे या अंतराला आपला त्रिकोण किलोमीटरभरही चुकत नाही. पुणे–दुबई किंवा नागपूर–दोहा काढायचं असेल तर मात्र सूत्रच वापरा, आणि अमेरिकेला तर त्रिकोण नेऊच नका.

दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या हे लक्षात आलं का? म्हणजे कोल्हापूरहून नागपूरची दिशा जवळजवळ काटेकोर ईशान्य, ४५ अंश. हा आकडा जपून ठेवा, वाऱ्याच्या वेळी लागणार आहे.

रेघ आणि वाट

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. रेघ पंढरपूरवरून जाते, परळीच्या जवळून मराठवाडा ओलांडते, यवतमाळला डावीकडे ठेवते आणि वर्ध्याला खेटून नागपुरात शिरते. याच टापूतला रस्ता सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जातो आणि आठशे किलोमीटरच्या पुढे भरतो. (शक्तिपीठ महामार्गाचं जे व्हायचं ते होवो, आजचा रस्ता हा आहे.) महाराष्ट्र एक्स्प्रेसची तऱ्हा आणखी वेगळी. ती पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा राज्याला अर्धा वळसा घालून नागपूरला पोहोचते. एक दिवस आणि वर काही तास जातात ते या वळशामुळे.

विमानसुद्धा पट्टीवरून जात नाही. हवेत ठरलेले मार्ग असतात, त्यांवर नाव दिलेले बिंदू असतात, आणि उड्डाणानंतर व उतरण्याआधी ठरावीक वळणं घ्यावी लागतात. लष्करी वापराचे हवाई पट्टे टाळावे लागतात, पावसाळ्यात ढगांचे डोंगर चुकवावे लागतात. कधी नियंत्रक मोकळीक देतो आणि विमान एका बिंदूवरून थेट दुसऱ्यावर जातं, तेव्हा उलट बचत होते. ढोबळ हिशेबासाठी मी सरळ अंतरात पाच टक्के मिळवतो. ७०३ चे झाले ७३८. पन्नास-साठ किलोमीटरच्या उड्डाणाला हे प्रमाण कितीतरी जास्त असतं, कारण वळणं तेवढीच राहतात आणि अंतर मात्र आटतं.

वेळ काढायची तर आधी विमान कोणतं ते पाहा

प्रादेशिक मार्गांवर हा प्रश्न महत्त्वाचा. मुंबई–दिल्लीला बहुतेक सगळी जेट, त्यामुळे तिथे कोणी विचारत नाही. छोट्या विमानतळांवर पंख्यांचं एटीआर ७२ येतं, एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट येतं, किंवा एअरबस ए३२० येतं. एटीआर वरच्या हवेत ताशी साधारण ५०० किलोमीटरने जातं, तर एम्ब्रेअर आणि एअरबस दोन्ही ताशी ८२०-८३० च्या आसपास. तिकीट काढताना तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

आता जेटचा हिशेब. ७३८ भागिले ८२० म्हणजे ५४ मिनिटं, असं कोणी केलं तर ते चूक. विमान पूर्ण वेगाने फक्त मधला तुकडा कापतं. चढताना वेग कमी असतो, आणि उतरताना तर बराच कमी. उतरणीसाठी वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: जितकी हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात करायची. ३३,००० फुटांवर असाल तर ९९ मैल, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर आधी. आपल्या रेघेवर हे अंतर यवतमाळच्याही अलीकडे, पुसदच्या आसपास पडतं. सीटबेल्टची खूण लागते, कान दडे बसायला लागतात, आणि शेजारचा म्हणतो, “आलं वाटतं नागपूर.” अजून वीस-पंचवीस मिनिटं असतात.

तुकडे पाडून पाहू. चढण सुमारे १८० किलोमीटर, १८ मिनिटं. मधला सपाट भाग साधारण ३६५ किलोमीटर, ताशी ८२० ने २७ मिनिटं. उतरण १९० किलोमीटर, २३ मिनिटं. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पाच मिनिटं. बेरीज ७३ मिनिटं हवेत. त्यात कोल्हापुरात जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्याची सात-आठ आणि नागपुरात उतरून पार्किंगला लागण्याची चार-पाच मिनिटं मिळवा. सुमारे ८५ मिनिटं झाली.

एवढे तुकडे दर वेळी पाडायची गरज नाही. जेटसाठी: सरळ अंतर भागिले ८२०, त्याची मिनिटं करा, हवेतल्या वेळेसाठी २० मिळवा, दारापासून दारापर्यंतच्या वेळेसाठी आणखी १२. म्हणजे ५१ + २० + १२ = ८३. एटीआरसाठी: पाच टक्के वाढवलेलं अंतर भागिले ५००, वर १२ आणि मग १०. म्हणजे ८९ + १२ + १० = १११, म्हणजे पावणेदोन तासांच्या थोडं पुढे. सातशे किलोमीटरला एटीआर आणि जेट यांच्यात अर्ध्या तासाच्या आसपास फरक पडतो. कोल्हापूर–मुंबईचं सरळ अंतर मात्र ३०८ किलोमीटर. तिथे तो फरक सहा-सात मिनिटांवर येतो, म्हणून जवळच्या मार्गांवर पंख्यांचं विमान बघून नाक मुरडू नये. ते इंधनही कमी खातं, आणि छोट्या धावपट्टीवर त्याला अडत नाही.

वारा

पेपरात वाऱ्याबद्दल काही येतं ते जमिनीवरच्या वाऱ्याबद्दल. विमानाला वरचा वारा लागतो, आणि तो ऋतूप्रमाणे दिशा बदलतो.

हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर मध्य भारतावरून पश्चिमेचे वारे वाहतात. ताशी ९० किलोमीटर असणं काही नवलाचं नाही. आपली दिशा ईशान्य, म्हणजे वारा बरोबर पाठीवर नाही, तिरका आहे. ४५ अंशांच्या तिरकेपणामुळे त्याचा साधारण ०.७ भाग कामी येतो: ६३ किलोमीटर. नागपूरला जाताना जमिनीच्या हिशेबात वेग ८८३, परतताना ७५७. मधल्या ३६५ किलोमीटरला जाताना २५ मिनिटं, येताना २९. चढण-उतरणीतला परिणाम धरला तर जाण्या-येण्यात पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो. म्हणून जानेवारीत परतीचा प्रवास लांबला असं वाटलं तर ते बहुधा खरंच असतं.

पावसाळ्यात हे सगळं उलटं होतं, पण फक्त वर. खाली मान्सूनचे पश्चिमी वारे जोरात असतात, छत्री उलटी करणारे तेच. वर मात्र द्वीपकल्पावर पूर्वेकडून वारा वाहतो. जेट त्या थरात शिरलं की जुलैत नागपूरला जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. एटीआर पंधरा-वीस हजार फुटांवर, म्हणजे या दोन थरांच्या सांध्याजवळ उडतं. तिथे ना धड हा वारा ना तो, त्यामुळे वाऱ्याने त्याचं फार बिघडतही नाही आणि साधतही नाही. एकाच दिवशी एकाच मार्गावर दोन विमानांचा अनुभव वेगळा का, याचं हे एक कारण.

धावपट्टी कुठे तोंड करून आहे

ही गोष्ट कॅल्क्युलेटर सांगत नाही. धावपट्टीला तिच्या दिशेवरून आकडा असतो: दिशेच्या अंशांतला शेवटचा शून्य काढायचा. कोल्हापूरची ०७/२५, म्हणजे एका टोकाकडून ७० अंश (पूर्व-ईशान्य) आणि उलट २५० अंश. नागपूरची १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य.

विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं. हिवाळ्यात वारा शांत किंवा पूर्वेचा असला तर कोल्हापुरातून ०७ वरून उडालेलं विमान जवळजवळ नागपूरकडेच तोंड करून निघतं, पंचवीस अंश वळलं की झालं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, म्हणून २५ वरून पश्चिमेच्या बाजूला उडायचं आणि मग भलंथोरलं वळण घेऊन ईशान्येला यायचं. तीन-चार मिनिटं तिथेच जातात. परतताना याच्या उलट, पावसाळ्यात २५ वर उतरणं जवळपास सरळ रेषेत होतं.

नागपूरला गंमत आहे. आपण ४५ अंशांनी येतो आणि धावपट्टी १४०/३२० ला, म्हणजे आपल्या वाटेला चक्क आडवी. कुठल्याही टोकाकडून उतरायचं ठरलं तरी विमानाला नव्वद अंशांचं वळण घ्यावंच लागतं. वरच्या हिशेबात शेवटी पाच मिनिटं वेगळी ठेवली ती यासाठी. खिडकीतून शहर दिसतंय, विमानतळ दिसतोय, आणि विमान पुढेच चाललंय, असं झालं तर घाबरू नका.

तिकिटावरची वेळ कशाची असते

तिकिटावर जी निघायची वेळ असते ती चाकं धावपट्टी सोडण्याची नसते. पार्किंगच्या जागेवरून विमान हलतं ती वेळ, आणि पोहोचण्याची म्हणजे पलीकडच्या पार्किंगला थांबतं ती वेळ. या दोन्हींमधल्या काळाला धंद्यात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान कंपन्या त्यात पाच-दहा मिनिटांची राखण, म्हणजे राखीव वेळ, ठेवतात. आपल्याकडे वेळेवर पोहोचल्याची सरकारी मोजणी पंधरा मिनिटांच्या मुभेने होते, तरी राखण ठेवायची सवय जात नाही. आपला आकडा ८३-८५ आला आणि वेळापत्रकात ९० किंवा ९५ दिसले, तर दोन्ही बरोबर समजा. “पायलटनं लवकर आणलं” असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ही राखण वाचलेली असते.

देशातल्या देशात सुटायची आणि पोहोचायची वेळ सरळ वजा करता येते, कारण घड्याळ एकच. शारजा-दुबईला दीड तासाचा फरक मिळवायला विसरू नका. पण घड्याळ एक असलं तरी सूर्य एक नसतो. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने नागपुरात सूर्य कोल्हापूरपेक्षा १९ मिनिटं आधी डोक्यावर येतो. डिसेंबरात नागपूरला संध्याकाळी उतरलात तर अंधार अंदाजापेक्षा लवकर पडलेला दिसतो, त्यामागे हेही आहे.

ब्लॉक टाइमला आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे, पैशांचा. ऐनवेळी न कळवता विमान रद्द झालं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमांत भरपाईची रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००. यापैकी जी रक्कम लागू असेल ती किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते मिळतं. कोल्हापूर–नागपूर मधल्या गटात येतं, कोल्हापूर–मुंबई बहुधा पहिल्या गटाच्या काठावर. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं मागता येतं. मागितल्याशिवाय ते मिळतंच असं नाही. नियम अधूनमधून बदलतात, प्रवासाआधी डीजीसीएचं पान एकदा वाचा.

भाड्याचंही अंतराशी नातं आहे. छोटी शहरं परवडणाऱ्या भाड्यात विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं, तेव्हा साधारण ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाला, ठरावीक जागांपुरती, २,५०० रुपयांची मर्यादा होती. पुढे अंतराच्या टप्प्यांनुसार ती वाढते. म्हणून सरळ अंतराचा आकडा केवळ कुतूहलापुरता नाही.

थेट विमान नसेल त्या दिवशी

प्रादेशिक मार्गांची वेळापत्रकं उन्हाळी आणि हिवाळी, वर्षातून दोनदा बदलतात. आठवड्यातले काहीच वार असतात, कधी फेरी बंदही होते. तेव्हा वळसा घ्यायचा. वरचीच पद्धत वापरून दोन पर्याय पाहू.

मुंबईमार्गे: कोल्हापूर–मुंबई ३०८, मुंबई–नागपूर ६८३, एकूण ९९१ किलोमीटर. मुंबईहून नागपूर आणि कोल्हापूरहून नागपूर यांत अवघा वीस किलोमीटरचा फरक आहे. कोल्हापूरकरांना नागपूर उगाच परदेश वाटतं.

हैदराबादमार्गे: कोल्हापूर–हैदराबाद ४४५, हैदराबाद–नागपूर ४३५, एकूण ८८०. अंतराने हैदराबाद सरस, पण निकाल अंतरावर लागत नाही, मधल्या थांब्यावर लागतो. मुंबईला दीड तासात जोड मिळत असेल आणि हैदराबादला पाच तास बसावं लागत असेल, तर शंभर किलोमीटरची बचत काय करायची? मात्र दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर जबाबदारी कंपनीची, आणि सामानही थेट पुढे जातं.

आडव्या-तिडव्या पर्यायांत रस्त्याचाही विचार करा. कोल्हापुरातून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिथून सोयीचं विमान असेल तर दोन तासांच्या गाडीने काम भागतं.

शेवटी, घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत

उजळाईवाडी शहरापासून नऊ-दहा किलोमीटर, अर्धा तास धरा. सायंकाळी तावडे हॉटेलच्या चौकातून जायचं असेल तर जास्त. देशांतर्गत उड्डाणाचा सामानाचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, दार २५ मिनिटं आधी. छोटा विमानतळ आहे म्हणून कोणी सवलत देत नाही. दीड तास आधी पोहोचलात तर निवांत. म्हणजे ३० + ९० + ८५, मग सामान हाती येईपर्यंत २०, आणि सोनेगावहून सीताबर्डीपर्यंत आणखी ३०. बेरीज २५५ मिनिटं, सव्वाचार तास. सामान हातातच असेल तर वीस मिनिटं वाचतात. नागपूर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. हलकी बॅग असेल तरच तो विचार करा.

हे झालं सगळं सुरळीत गेलं तर. खात्री करायची असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर त्या फेरीचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष वेळा पाहा. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सगळ्या ओळीने लिहा आणि मधली वेळ धरा. तेच विमान त्याआधी कुठून येतं, हेही दिसतं. प्रादेशिक मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-पाच गावं करतं. सकाळी पहिल्या गावी तासभर अडकलं की तो तास संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावाला भोगावा लागतो. म्हणून जमेल तर दिवसातली लवकरची फेरी निवडा, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याकडे लक्ष ठेवून.

छोट्या विमानतळांना ठरलेले कामाचे तासही असतात. संध्याकाळचं विमान इतकं लांबलं की ती वेळ उलटली, तर मुदतवाढ मिळेल किंवा फेरीच रद्द होईल. नागपुरात दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची तारीख, मुलाखत किंवा डॉक्टरची वेळ असेल तर आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या विमानावर विसंबू नका. दुपारचं घ्या. तेही नसेल तर त्याच्याही आदल्या दिवशीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवा आणि विमान नक्की झालं की रद्द करा. रद्द करण्याचे पैसे गाडी सुटायला किती वेळ उरला आहे त्यावर कापले जातात, म्हणून हा निर्णय दोन दिवस आधी घेतलेला बरा.